नवें काय, आणि तें कोणाचें?

‘हें नवें आहे’ हें वाक्य उच्चारावयास जितकें सोपें, तितकेंच सिद्ध करावयास अवघड आहे. कारण तें म्हणणारा मनुष्य खरें पाहतां एका वस्तूविषयीं बोलत नसून सर्व जगाविषयीं बोलत असतो. जगांत कोठेंहि, कोणापाशींहि, हें यापूर्वीं नव्हतें, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. एवढा मोठा दावा आपण रोजच्या बोलण्यांत सहज करतों आणि सहज विसरतों. परंतु एक कचेरी अशी आहे कीं, जेथें या वाक्याचें मोल वीस वर्षांच्या मक्तेदारीनें चुकविलें जातें, आणि तें खरें कीं खोटें हें तेथील परीक्षकास ठरवावें लागतें. पेटंटच्या कचेरींतील हा निवाडा केवळ कायद्याचा विषय समजला जातो. माझ्या मतें तो नीतीचाहि विषय आहे. तो तसा कां, हें दाखविण्यासाठीं मी मोठ्या यंत्राचें उदाहरण न घेतां, अगदीं क्षुद्र दिसणाऱ्या एका उपकरणाचें घेतों.

वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें 1969 सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील कस्तुरबा रुग्णालय त्याहून जुनें, डॉ. सुशीला नय्यर यांच्या परिश्रमांतून तें उभें राहिलें. खेडुतांकडून आरोग्यविम्याचा हप्ता ज्वारीच्या रूपानें घेण्याची योजना या रुग्णालयानें चालविली होती, हें पुष्कळांना ठाऊक असेल. अशा एकाद्या रुग्णालयांत सुगीनंतर पायली-दोन पायली ज्वारी देणारी एक बाई येते, अशी कल्पना करा. तिच्या शरीरांत एक गांठ आहे. ती गांठ साधी कीं दुर्धर, हें ठरविण्यासाठीं डॉक्टर तिच्यांतून एक कण काढतात. तो कण कित्येकदां तिनें दिलेल्या ज्वारीच्या दाण्याहूनहि लहान असतो.

यापुढें त्या कणाचा प्रवास सुरू होतो. प्रथम त्याला फॉर्मॅलिनमध्यें ठेवून टिकाऊ केलें जातें. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यांतील पाणी काढतात, झायलीननें अल्कोहोल काढतात, आणि वितळलेल्या पॅराफिन मेणांत त्याला मुरवितात. या सर्व वाटेवर तो कॅसेट नांवाच्या एका जाळीदार डबींत बंद असतो. शेवटीं मेणाची वडी बनते, आणि मायक्रोटोम नांवाच्या यंत्रावर तिचे तीन ते पांच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढून ते काचपट्टीवर पसरतात. वैशाखांत वर्ध्याला पारा 45 अंशांपुढें जातो. अशा दिवसांत मेणाची वडी बर्फावर गार केल्यावांचून पापुद्रा नीट निघत नाहीं. डबीच्या भोकांतून कण निसटला, मेणांत ठेवतांना उलटा बसला, किंवा शेजारच्या डबींतील कणाशीं मिसळला, तर त्या बाईच्या आयुष्याचा निकालच चुकतो. तिच्या शरीराला पुन्हां शस्त्र लावावें लागतें, आणि कधीं कधीं पुन्हां लावण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. म्हणून डबीचें झांकण, जाळीच्या भोकांचा आकार, किंवा कणाला सरळ धरून ठेवणारी एकादी लहानशी बैठक, यांत केलेली सुधारणा क्षुद्र नव्हे.

आतां कोणी असें सुधारलेलें उपकरण घेऊन पेटंटच्या कचेरीकडे अर्ज करतो. मुंबईची कचेरी महाराष्ट्राचे अर्ज पाहते. आणि परीक्षकांना शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था वर्ध्याहून पाऊणशें किलोमीटरांवर नागपुरास आहे. 1970चा आपला कायदा परीक्षकाला मुख्यतः तीन प्रश्न विचारावयास सांगतो. वस्तु नवी आहे काय? त्या विद्येंत निष्णात असलेल्या मनुष्याला जी सहज सुचली नसती, अशी कांहीं पायरी तींत आहे काय? आणि ती उद्योगांत उपयोगी पडेल काय? शिवाय हा कायदा कांहीं दारें मुळांतच बंद ठेवतो. रोग्यावर उपचार करण्याची किंवा रोगनिदानाची पद्धति कोणाची मालमत्ता होऊं शकत नाहीं. आणि आपापलें जुनेंच काम स्वतंत्रपणें करणारीं उपकरणें नुसतीं एकत्र मांडलीं म्हणजेहि शोध होत नाहीं. हात मोकळा असावा, हत्यारावर मात्र हक्क सांगतां यावा, असा हा भेद आहे. रोग्याशेजारीं उभ्या असलेल्या वैद्याला, ‘ही रीत दुसऱ्याची आहे,’ म्हणून थांबावें लागूं नये, ही त्यामागची भावना मला न्याय्य वाटते.

परंतु खरी अडचण दुसऱ्या प्रश्नांत आहे. जें आपणांस आतां ठाऊक झालें आहे, तें ठाऊक नसतां आपणांस सुचलें असतें काय, हें कोणी कसें सांगावें? कोड्याचें उत्तर ऐकल्यावर तें सोपेंच होतें असें प्रत्येकाला वाटतें. अर्ज वाचतांच परीक्षकाला उत्तर कळलेलें असतें, आणि त्याच क्षणापासून त्याचा प्रामाणिकपणा कसोटीला लागतो. पूर्वीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याचे पापुद्रे पुष्कळ ठिकाणीं हातांत वस्तरा धरून कापीत. वस्तरा आणि तुकडा या दोहोंना यंत्रांत बसवून मोजक्या जाडीचे काप काढण्याची रीत विल्हेल्म हिस यानें 1866च्या सुमारास पुढें आणली. मऊ मांस मेणांत बसविण्याची युक्ति एडविन क्लेब्स यानें 1869 सालीं सांगितली. आज वाटतें, यांत काय मोठें? मेण होतें, वस्तरा होता, बुद्धि होती. तरीहि कित्येक पिढ्या विद्वानांचे हात कापतच राहिले. म्हणून परीक्षकाला एक विलक्षण व्रत घ्यावें लागतें: कळलेलें बाजूला ठेवून न कळलेल्या दिवसांत परत जाऊन बसण्याचें. दुसऱ्याच्या बुद्धीला न्याय देण्यासाठीं स्वतःच्या शहाणपणाला आवर घालणें, यालाच मी नीति म्हणतों.

याच्या उलट बाजूची चूकहि तितकीच मोठी आहे. जें लिहिलेलें नाहीं तें नाहींच असें समजणें, ही ती चूक. वर्धा जिल्ह्यांतील वायगांवची हळद प्रसिद्ध आहे. तिला 2016 सालीं भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. या हळदीचा लेप जखमेवर लावावा हें तेथील कोणत्याहि आजीला कोणीं शिकवावें लागत नाहीं. पण हळदीनें जखम भरून येते, एवढ्याच गोष्टीवर अमेरिकेंत 1995 सालीं पेटंट देण्यांत आलें. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतांना, त्याला आव्हान दिलें, आणि 1997 सालीं तें रद्द झालें. मात्र रद्द करून घेण्यासाठीं आजीची साक्ष चालली नाहीं. त्या वेळच्या तेथील कायद्याप्रमाणें परदेशांतील ज्ञान छापील असेल तरच तें पूर्वज्ञान ठरे. म्हणून जुने ग्रंथ आणि 1953 सालीं वैद्यकीय मासिकांत आलेला एक लेख शोधून पुढें ठेवावे लागले. घराघरांतील सत्याला छापखान्याचा दाखला लागला! आपल्या कायद्यानें पुढें तोंडीं चालत आलेल्या स्थानिक ज्ञानालाहि विरोधाचा आधार मानलें, आणि पेटंट मिळण्यापूर्वीं कोणाहि व्यक्तीला हरकत घेण्याची मुभा ठेवली, हें योग्यच झालें.

पण आजीच्या हळदीविषयीं आपण जितके जागरूक आहोंत, तितके प्रयोगशाळेंतील मनुष्याविषयीं आहोंत काय? बारीक कण निसटूं नये म्हणून त्याला गाळणकागदांत गुंडाळणारा, पांढऱ्या मेणांत तो दिसावा म्हणून त्याला रंगाचा ठिपका लावणारा, पितळेचे दोन काटकोनी तुकडे समोरासमोर ठेवून वडीचा साचा जुळविणारा तंत्रज्ञ लेख लिहीत नाहीं. त्याच्या युक्त्या हाताखालच्या मुलाला दाखविण्यापुरत्याच जगतात. उद्यां त्यांतलीच एकादी प्लॅस्टिकमध्यें ओतून कोणीं ‘नवी’ म्हणून पुढें केली, तर परीक्षकाच्या टेबलावर त्या तंत्रज्ञाच्या बाजूचा एकहि कागद नसतो.

कोणी म्हणेल, मग रोग्याच्या उपयोगाच्या वस्तूंवर पेटंट असावेंच कशाला? या प्रश्नाला उत्तर देतांना मला 1929 सालची एक गोष्ट आठवते. अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. चरखा झोंपडींत चालण्यासारखा असावा, बाईला आठ तास फार श्रम न होतां चालवितां यावा, आणि त्याची किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी, अशा त्याच्या अटी होत्या. त्यांतच असेंहि होतें कीं, शोधकानें हवें तर पेटंट घेऊन तें स्वतःपाशीं ठेवावें. पण बक्षीस हवें असेल तर तो हक्क संघाला द्यावा. बुद्धीचा मोबदला नाकारला नव्हता, फक्त तो गरिबाच्या मार्गांत भिंत होऊं नये एवढें पाहिलें होतें. प्रत्येक डबीसाठीं लाखाचें बक्षीस लावणें कोणालाच शक्य नाहीं. म्हणून समाजानें पेटंटचा सौदा पत्करला आहे: तूं आपली युक्ति संपूर्ण उघड करून सांग, वीस वर्षें तिचें फळ खा, आणि मग ती सर्वांची होऊं दे. सौदा वाईट नाहीं. पण समाजाला जें आधींच ठाऊक होतें, तेंच त्याला पुन्हां विकलें गेलें, तर तो सौदा राहत नाहीं.

तेव्हां परीक्षकाकडून होणाऱ्या दोन चुकांपैकीं अधिक वाईट कोणती? खऱ्या शोधकाला नकार मिळाला तर त्याच्यावर अन्याय होतो. पुढच्या वेळीं तो आपली युक्ति लपवूनहि ठेवील. परंतु तो समोर असतो. त्याला सुनावणी मिळते, वकील मिळतो, उच्च न्यायालयाचें दार उघडें असतें. उलटपक्षीं जुन्या युक्तीवर मक्ता दिला गेला, तर ज्याचें नुकसान होतें तो कचेरींत नसतोच. कॅसेट तर एकदां वापरून संपणारी वस्तु. तिच्या किंमतींत वाढलेला प्रत्येक पैसा दर कणामागें, दर रोग्यामागें भरावा लागतो. तो भरणाऱ्या बाईला हेंहि कळत नाहीं कीं, कोठें तरी एका कागदावर तिच्याविषयीं निकाल झाला. म्हणून माझें मत असें आहे कीं, परीक्षकानें स्वतःला गैरहजर माणसाचा मुखत्यार समजावें.

मात्र यावरून अर्जदाराकडे संशयानें पाहावें असें कोणीं समजूं नये. गैरहजर माणसाची बाजू घेणें म्हणजे हजर माणसाचा गळा दाबणें नव्हे. ‘हें तर सोपेंच आहे’ एवढें म्हणून नकार देण्याचा परीक्षकाला अधिकार नाहीं. हें पूर्वीं कोठें होतें, आणि तेथून येथवर येण्याची वाट सामान्य निष्णाताला कशी दिसली असती, हें त्यानें दाखविलें पाहिजे. शोध घेतांना त्यानें गैरहजर माणसासाठीं कसून घ्यावा. निकाल देतांना हजर माणसाला कारणें द्यावीं. एवढें केल्यावर जी शंका उरेल, तिचा फायदा अर्जदाराला मिळाला तरी त्यांत मला अन्याय दिसत नाहीं.

आणि सगळा भार परीक्षकावर टाकून आपण मोकळे होतों असेंहि नाहीं. जें कोणीं लिहून ठेवलें नाहीं तें त्यानें शोधावें कोठें? ज्या प्रयोगशाळांत या लहान लहान युक्त्या जन्मतात, तेथील जाणत्यांनीं त्या तंत्रज्ञाच्या नांवानिशीं लिहून प्रसिद्ध केल्या पाहिजेत. त्यासाठीं फारसा खर्च लागत नाहीं. लागतो तो एवढाच मान कीं, हातानें काम करणाऱ्यालाहि बुद्धि असते. आपल्या समाजानें लेखणीला जेवढा मान दिला तेवढा हाताला दिला नाहीं, आणि त्याचा दंड आपण हळदीच्या वेळीं भरला आहे. तो पुन्हां भरावा लागला, तर या वेळीं तो ज्वारीच्या हप्त्यांतून जाईल.