अल्पसंख्य अभिरुची आणि नगरधर्म

ज्या गोष्टीत बहुसंख्यांस रस नाही, किंबहुना जी त्यांस त्रासदायकच वाटते, अशा गोष्टीसाठी नगराने जागा द्यावी काय? प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु आमच्या मराठवाड्यातील तरुणांच्या बोलण्यातून तो अलीकडे वारंवार निघतो, आणि तोही अशा एका कलेच्या निमित्ताने की जिचे नाव ऐकताच पुष्कळ वाचक कानांवर हात ठेवतील. ती कला म्हणजे ‘हेवी मेटल’ ह्या नावाने ओळखले जाणारे पाश्चात्य संगीत. नांदेड-लातुरात तिचे भोक्ते थोडे. पण जे आहेत ते निष्ठावंत. चार जण जमले की कोणता बॅण्ड दौऱ्यावर निघाला आहे, तो मुंबईस येणार की बंगळुरास, मैदान कोणते, परतीची गाडी कोणती, हीच चर्चा. आणि तिचा शेवट ठरलेला : ‘आपल्याकडे असे काही कधी व्हायचे नाही.’ ह्या उद्गारात न्याय्य तक्रार किती व नुसता सुस्कारा किती, ह्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आक्षेप घेऊ. हे संगीत कर्कश व परके आहे, असे म्हणतात. ते कर्कश आहे हे त्याचे भोक्तेही नाकारणार नाहीत. परंतु त्या कर्कशतेस कारण आहे. ज्या ‘ब्लॅक सॅबथ’पासून ह्या पंथाचा उगम मानतात, तो बॅण्ड इंग्लंडातील बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरातला, त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी ह्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली होती. त्याने बोटांस स्वतः घडविलेली टोपणे बसविली, हलक्या तारा वापरल्या, पुढे त्या सैल करून लावल्या, आणि त्यातून तो जड, खर्जातला नाद सिद्ध झाला. यंत्राच्या शिस्तीखाली वाढलेल्या मुलांनी यंत्राच्याच आवाजात दिलेले हे उत्तर होते. आता ज्या लातुराने आपल्या नावाचा एक ‘पॅटर्न’ साऱ्या महाराष्ट्रास दिला, तेथे पहाटेपासून रात्रीपर्यंत गुणांच्या मागे धावणाऱ्या एखाद्या मुलास हा नाद आपला वाटला, तर त्यात नवल ते काय? आणि रौद्र, भयानक व बीभत्स ह्यांस भरतमुनीने आठ रसांत स्थान दिलेच आहे. आपले संगीत त्या वाटेने फारसे गेले नाही, एवढ्यावरून ती वाट अधम ठरत नाही.

सुखांत उच्चनीच भाव आहे, हे आम्ही मानतो. परंतु तो भाव ठरविणारा कोण? जॉन स्टुअर्ट मिल्लने ह्याचे जे उत्तर दिले आहे ते अद्यापि मार्मिक वाटते : ज्याने दोन्ही सुखे अनुभविली, तोच न्यायाधीश. ह्या कसोटीने पाहता, दाराबाहेरूनच नाक मुरडणाऱ्या आपल्यासारख्या गृहस्थांस निकाल देण्याचा अधिकार पोचत नाही.

येथे कोणी म्हणेल की, संगीत तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. इअरफोन कानात घालावा आणि पाहिजे ते ऐकावे. जागेचा हट्ट कशाला? ह्यास आमचे उत्तर असे की, भजनाचीही ध्वनिमुद्रिका मिळते, म्हणून कोणी वारीस जाण्याचे सोडले नाही. एकान्तात आवड पोसली जाते. परंतु आपल्यासारखेच हृदय दुसऱ्यासही आहे ही प्रतीती समुदायातच येते. ‘सहृदय’ ह्या आपल्या जुन्या शब्दात हेच अभिप्रेत आहे. २००७ साली ‘आयर्न मेडन’ बंगळुरास आला, २०११ साली ‘मेटॅलिका’ आला, तेव्हा लोक दूरदुरून गेले ते केवळ गाणी ऐकण्यास नव्हे. ती त्यांस पाठच होती. आपण एकटे नाही, हे पाहण्यास ते गेले.

मग जागेचा प्रश्न. मुंबईत धोबी तलावानजीक रंगभवन म्हणून उघडे नाट्यगृह आहे. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा उत्सव तेथे अनेक वर्षे भरत असे, व देशी बॅण्डांचे ते माहेरच होते. जवळ रुग्णालये असल्यामुळे तो भाग शांतता-क्षेत्रात आला व तेथील जलसे बंद पडले. रुग्णाची झोप गायकाच्या हौसेहून मोठी आहे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. आमचा आग्रह इतकाच की, माप सर्वांस एक असावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी केली आहे. वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबेलांची मर्यादा घातली आहे. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांनी खिडक्यांची तावदाने थरथरतात, तेव्हा आपण त्यास उत्साह म्हणतो. आणि वीस मुलांनी गिटारी काढल्या की त्यास उपद्रव म्हणतो. हा भेद कानाचा नव्हे, संख्येचा आहे. संख्येने निवडणूक जिंकता येते. न्याय ठरविता येत नाही. शिवाय त्याच नियमांत बंदिस्त सभागृहांस मोकळीक आहे. नांदेडास शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह व कुसुम सभागृह आहे, लातुरास दयानंद सभागृह आहे. वर्षातून एखादी संध्याकाळ, रास्त भाड्याने, दारे लावून ह्या मुलांस अशी जागा मिळाली, तर नगराचे काय जाईल?

एवढे नगराचे कर्तव्य झाले. परंतु हक्क सांगणाऱ्यानेही हिशेब द्यावा लागतो. २०११ साली बंगळुरापूर्वी दोन दिवस गुडगावास व्हावयाचा ‘मेटॅलिका’चा कार्यक्रम ऐन वेळी रहित झाला, तेव्हा प्रेक्षकांपैकी काहींनी मंचाची मोडतोड केली. दोष व्यवस्थेचा होता असे मानले, तरी अशा एका संध्याकाळीने दहा सभागृहांची दारे बंद होतात. ज्याची संख्या थोडी, त्यास संयम अधिक लागतो. हे अन्यायाचे असले तरी खरे आहे.

आणि ह्याहून मोठा हिशेब निराळाच आहे. हे तरुण ज्या बॅण्डांची चर्चा करतात ते सारे दुरून येणारे. शेजारच्या गल्लीत जो मुलगा अडखळत ड्रम वाजवितो, त्यास ऐकावयास कोण जातो? मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावी खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात. त्यांस तेथे जागा आहे ती कोणी उदार होऊन दिली म्हणून नव्हे. कनातीपुढे बसणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आली म्हणून. शिष्टांनी त्या कलेसही एके काळी हिणविलेच होते. रंगभवनाचे महत्त्वही हेच की, तेथे परक्या कीर्तीची वाट न पाहता लोकांनी आपल्यांतल्या कच्च्या वादकांस ऐकून घेतले, आणि त्यांतले काही पुढे पक्के झाले. हा दोष तरुणांचाच आहे असेही नव्हे. पुण्यास गेलो की आवर्जून नाटक पाहणारे आणि आपल्या गावचा हौशी प्रयोग मोकळ्या खुर्च्यांपुढे होऊ देणारे आपण वडीलधारे त्याच पंक्तीत बसतो.

तेव्हा ‘आपल्याकडे असे काही व्हायचे नाही’ ह्या तक्रारीस आमचे उत्तर दुहेरी आहे. नगराने दार उघडावे. कारण ज्यास थोड्यांची आवड सोसवत नाही, त्यास उद्या थोड्यांचे मतही सोसवणार नाही. परंतु दार उघडल्यावर आत मोठा पाहुणा नसेल, ओळखीचाच कोणी चुकतमाकत वाजवीत असेल. त्याच्यासाठी तिकीट काढून शेवटपर्यंत बसण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांचीच ती जागा पुढच्या वर्षीही राहील.