गरज नसलेली गाडी

मी घरी बनवतोय त्या गाडीची कुणालाही गरज नाही. तिच्यात माणूस बसत नाही, ती माल वाहत नाही, शर्यतीत पळत नाही. तीन किलोंच्या आसपास वजन, चार मऊ रबरी चाकं, हातात रिमोट, आणि चाल मुंगीच्या पावलांची. तिचं काम एकच : समोरच्या दगडावर न उलटता चढणं. या छंदाला रॉक क्रॉलिंग म्हणतात. माझ्या संध्याकाळी, बऱ्यापैकी पैसे आणि डोक्यातली सगळ्यात ताजी जागा तिनं घेतली आहे. म्हणून तिचा हिशेब एकदा स्वतःपुढे मांडायचा आहे. बायकोला मी हिशेब देतो आणि ती समजून घेते. हा हिशेब वेगळा. इथे समजून घेणारं कुणी नाही.

अमेरिकेत यूटातल्या मोॲबच्या खडकांवर किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर खऱ्या जीप ज्या चालीनं चढतात, तिचंच हे लहान रूप. सुरुवातीला अशा गाड्या विकत मिळत नव्हत्या. तामिया या जपानी कंपनीचा क्लॉड बस्टर नावाचा मॉन्स्टर ट्रक १९८७ साली आला. त्याच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाकं वळत. हौशी लोकांनी ते अ‍ॅक्सल काढून स्वतः कापलेल्या चासीखाली बसवले. तयार किट पुष्कळ नंतर आली. आज अंगठ्याच्या एका टिचकीवर अख्खी गाडी दारात येते. तरी मी चासीच्या पट्ट्या हॅकसॉनं कापतो, कानशीनं घासतो, त्यांना भोकं पाडतो. का, हा पहिला प्रश्न.

उत्तराचा निम्मा भाग गणितात आहे. एकास दहा प्रमाणात गाडी केली की लांबी दहापट कमी होते, पण वजन हजारपट. दोन टनांची जीप हिशेबानं दोन किलोंची होते. गुरुत्वाकर्षण मात्र कमी होत नाही. खऱ्या जीपला उलटायला जितका वेळ लागेल, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ही लहान गाडी चाकं वर करून पडलेली असते. तेवढ्यात बोट हलवून काही सावरता येत नाही. सावरायचं ते सगळं आधी, टेबलावर, बांधणीतच सावरून ठेवावं लागतं. वजन खाली आणि पुढे घ्यायचं. मोटर कमी वेगाची, जास्त वेढ्यांची निवडायची. दोन्ही डिफरन्शियल लॉक करायचे, म्हणजे एक चाक हवेत राहिलं तरी दुसरं दगड सोडत नाही.

चासी आणि अ‍ॅक्सल यांना जोडणाऱ्या दांड्यांना लिंक म्हणतात. माझ्या गाडीत प्रत्येक अ‍ॅक्सलला दोन वर, दोन खाली आहेत. चासीच्या पट्टीवर मी भोकांची एक उभी ओळ पाडून ठेवली आहे. वरच्या लिंकचा बोल्ट एका भोकातून काढून शेजारच्या भोकात लावला, की तोच दगड, तीच मोटर, आणि चाल मात्र निराळी. मधे एकदा गाडी चढाला लागली की एका अंगाला झुकायची आणि पुढचं एक चाक हलकं पडून दगडावरून उचललं जायचं. मोटरचा पीळ शाफ्टमधून चासीला मिळतो म्हणून असं होतं. इलाज पुष्कळ आहेत : एका बाजूची स्प्रिंग कडक करा, लिंकचा उतार बदला, चाकांत वजन भरा. मी एकेक करून पाहिलं. एका वेळी एकच बदल, बाकी सगळं तसंच. गाडी झुकायची थांबली त्या रात्री मला जो आनंद झाला, तो अलीकडे दुसऱ्या कशानं झालेला नाही. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

उत्तराचा दुसरा निम्मा भाग इथेच आहे. गाडीला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येतं. ती पडली तर पडण्याला कारण असतं आणि ते कारण माझ्या हाताच्या टप्प्यात असतं. माझ्या आईच्या बाबतीत तसं नाही. तिला विसर पडू लागला आहे. संध्याकाळी ती विचारते, "अण्णा आले का रे?" अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी काहीतरी सांगतो आणि थोड्या वेळानं ती पुन्हा विचारते. तिथे मागे-पुढे करायला कुठलाही बोल्ट नाही. डॉक्टर सांगतात तेवढं आम्ही सगळं करतो. त्यानंतर उरतं ते नुसतं जवळ बसणं, आणि मला नुसतं बसता येत नाही. मला काहीतरी दुरुस्त करायला लागतं.

म्हणजे मी टेबलाशी जातो ते गाडीसाठी की आईच्या त्या प्रश्नापासून दूर? दोन्हींसाठी, असं मनाशी कबूल करावं लागतं. छंद मनाला विश्रांती देतो हे मी पुष्कळांकडून ऐकलंय आणि स्वतःही सांगितलंय. पण विश्रांती कुणापासून घेतली जातेय, हे कुणी विचारत नाही. काही महिन्यांपूर्वी मी टेबल आईच्या खोलीत नेलं. तिला त्याचं बरं वाटतं. ती पलंगावरून बघत असते, कधी "हे काय आहे?" असं विचारते, मी सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे चित्र चांगलं दिसेल. माझं लक्ष त्या खोलीत कुठे असतं, हे मात्र मलाच ठाऊक आहे. लिंकचं माप घेताना तिचा प्रश्न आला की मी मान वर न करता उत्तर देतो. गाडीचं एक चाक थरथरलं तर मात्र मी श्वास रोखून वाकून बघतो. इतकं बारीक लक्ष देण्याची ताकद माझ्यात आहे, हे या छंदानं सिद्ध केलंय. आता ती ताकद माझ्यात नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. चाकं वळवणारी मोटर, म्हणजे सर्व्हो, चांगल्या जोराची घ्यायची तर तिची किंमत आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या महिन्याच्या पगाराच्या घरात जाते. दोन्ही रकमा एकाच खात्यातून जातात. मावशींना कमी देतो असं नाही, आमच्या सोसायटीत चालतो तोच दर देतो. पण तो दर चालू आहे एवढ्यावरच आजवर माझं समाधान होतं. सर्व्होच्या बाबतीत मात्र चालू दरावर माझं समाधान कधी झालं नाही. तिथे मी चांगल्यातलं चांगलंच शोधलं.

शिशाचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो घरातल्या लेकराच्या अंगाशी येणारा आहे. चाकांत वजन भरायला सगळ्यात स्वस्त आणि सोपं म्हणजे शिशाच्या चिकट पट्ट्या. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगला वापरतात त्याच. रिमच्या आत गोल चिकटवल्या की काम झालं. पण त्या कापताना हाताला काळपट लागतं. तो हात टेबलाला, टेबलावरून पेन्सिलीला, पेन्सिल मुलीच्या तोंडात. मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मी शिसं घरात आणलं नाही. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून पितळी कड्या कातून घेतल्या. त्यांनी गोल बार चकमध्ये धरला, बोअर मारला, कड फोडली, आणि पिवळ्याधमक कीसाचा ढीग पायाशी पडला. कड्या सुंदर झाल्या. पण सहज कातलं जावं म्हणून अशा पितळातही थोडं शिसं घातलेलं असतं. माझ्या मुलीपासून मी ते दूर ठेवलं, आणि तो कीस रोज हातानं झाडणारा माणूस कुणाचा तरी बाप आहे. तिथे हातमोजे मला दिसले नाहीत. मी त्याबद्दल बोललो नाही, कारण गिऱ्हाईकानं असं बोलणं आगाऊपणाचं वाटलं असतं. पुढच्या खेपेला बोलायचं ठरवलंय.

बॅटरीचंही असंच. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची तर ३.८च्या आसपास. ती फुगली, टोचली गेली किंवा गरजेपेक्षा जास्त चार्ज झाली तर पेट घेऊ शकते, आणि आम्ही राहतो त्या इमारतीत वर-खाली माणसं झोपलेली असतात. त्यांना माझ्या छंदाची कल्पनाही नाही. म्हणून चार्जिंग फरशीवर, समोर बसून, आणि झोपायच्या आत संपवून. यात मोठेपणा काही नाही. त्यांच्या वतीनं कुणीतरी जागं राहायला हवं, एवढंच.

आता टेकडी. आपला बेसाल्ट क्रॉलरसाठी अप्रतिम. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा कातळ खडबडीत, वाळलेला असला की मऊ रबर त्याला धरून राहतं. मित्र म्हणतात, कासला चल, तिकडच्या सड्यावर काय मजा येईल! मी जात नाही. सड्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो आणि पावसाळ्यात त्या ओलसर पापुद्र्यावर सीतेची आसवं फुलतात. तीन किलोंची गाडी माझ्या बुटापेक्षा कमीच दाबेल, हे मान्य. पण अडकलेलं चाक जागच्या जागी फिरतं आणि खरवडतं. माझा बूटही तिथे आगंतुकच असतो, म्हणून गाडीचा गुन्हा लहान ठरत नाही. मी पुण्यातच, वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीकडे जातो, आणि तिथेही माणसानं आधीच फोडलेल्या उघड्या दगडांवरच गाडी सोडतो. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ आलं की ती घरीच राहते. हा नियम मी स्वतःच केलाय आणि तो मोडला तर विचारणारं कुणी नाही, म्हणून तो जास्त सांभाळावा लागतो.

खाणीत मुलगी बरोबर असते. रिमोट तिच्या हातात दिला तर माझ्या हातून जिथे गाडी अडकते तिथून ती कधी कधी सहज काढते. लिंक, उतार, पीळ यातलं तिला काही माहीत नाही. ती आधी गुडघ्यांवर बसून दगड न्याहाळते, कुठे खाच आहे, कुठे कंगोरा आहे ते बघते आणि मगच बोट हलवते. एकदा मला म्हणाली, "बाबा, तू दगड बघतच नाहीस. तू सारखी गाडीच बघतोस." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधायलाही गेलो नाही. तिच्या शेजारी बसून दगड बघितला.

सध्या डोक्यात पोर्टल अ‍ॅक्सल घोळतोय. त्यात चाकाच्या केंद्रापाशी गिअरची एक जोडी असते, त्यामुळे अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि डिफरन्शियलचा गोळा दगडाला थडकत नाही. ट्रॅक्ससनं २०१७ साली टीआरएक्स-४ मध्ये हीच रचना आणली. ते बसवले तर गाडी जास्त चढेल, यात शंका नाही. पण आत्ता ती जिथे अडकते तिथे मागच्या लिंकचा उतार अजून बदलून बघायचा आहे, आणि मुलगी दाखवते तशी वाट धरून बघायची आहे. हे केल्याशिवाय मागवणं म्हणजे न सोडवलेला प्रश्न पैशानं झाकणं. शिवाय आईसाठी रात्री थांबणारी बाई बघायची आहे. अ‍ॅक्सलसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिकडे लागतील. बायकोशी कालच बोललो, सोमवारी त्या कामासाठी दोघींना भेटायला बोलावलंय.