उत्साह : उतू जाणारा आणि पेलणारा

आनंदाच्या उकळ्या फुटतात, उत्साह उतू जातो. मनाची टवटवी सांगताना मराठी माणूस चुलीवरच्या भांड्याकडे वळतो. लॅटिन भाषेतही असेच घडले. ‘बुल्ला’ म्हणजे बुडबुडा. त्यावरून उकळण्याचे क्रियापद आले आणि पुढे खळाळत्या वृत्तीसाठी इंग्रजीतील ‘एब्युलियन्स’ हा शब्द.

परंतु बुडबुडा क्षणात फुटतो. जामनेरची कांग नदी पावसाळ्यात फेसाळत धावते; वैशाखात तिच्याच पात्रात दगड उघडे पडतात. आपला उत्साहही असाच नाही ना? सणाच्या तयारीत ओसंडणारा आणि आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची वेळ आली की आटणारा?

‘उत्साह’ या शब्दाचे मूळ येथे विचारात घेण्याजोगे आहे. ‘उद्’ म्हणजे वर. ‘सह्’ म्हणजे सोसणे, पेलणे, समर्थ असणे. सहन आणि सहिष्णुता ही याच धातूची अपत्ये. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव आहे, हास्यरसाचा नव्हे. म्हणजे जो भार पेलून वर उठतो, तो उत्साही.

याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातच सापडते. आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना ऐन तिशीत वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती. तरी जात्यावर बसताना, शेतात राबताना त्यांना गाणी स्फुरत राहिली. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या गाण्यांतील प्रसन्नता दुःखाला टाळून आलेली नाही. त्याला पेलून आलेली आहे.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात श्रद्धावंतांच्या आवेशासाठी योजलेले ग्रीक क्रियापदही मूळचे उकळण्याचेच. लगेच पुढच्या वचनात तो संकटात धीर धरावयास सांगतो. उकळी आणि सोशिकता यांची ही जवळीक अर्थपूर्ण आहे.

म्हणून मुलांच्या खळखळाटाला कोणी नाक मुरडू नये. घराला त्याचीही गरज असते. मात्र ऊत आलेले दूध सांडते आणि चूलही विझवते. मंद आचेवरचे दूध दाट होत जाते. सण सरल्यावर, मांडव उतरल्यावर, त्या आजाऱ्याच्या उशाशी आपण किती वेळ बसू शकतो, यावरूनच आपल्या उत्साहाची पारख व्हावी.