पुन्हा विचारण्याचा हक्क

प्राथमिक आरोग्य केंद्राला रंग लागला, दोन पंखे बसले, की दर्शनी भिंतीवर फलक येतो: 'लोकसहभागातून'. लोकांचा सहभाग म्हणजे लोकांची वर्गणी, असा हिशेब आता पक्का झाला आहे. सर्पदंशाची लस का नव्हती, असं विचारणारा माणूस त्या सहभागात बसत नाही. तो सरकारी कामात अडथळा आणणारा ठरतो. पंखे देणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण दवाखान्यावर लोकांचा वचक असावा, ही कल्पना पंख्यांसाठी निघाली नव्हती.

या कल्पनेमागचा, स्थानिक स्वराज्याला चालना देणारा रिपनचा 1882 चा ठराव सर्वांना ठाऊक आहे. 1897 च्या प्लेगात पुण्यात रँडची आणि मुंबईत गॅटेकरची समिती बसली. रँडचं पुढे काय झालं हे शाळकरी पोरंही सांगतील. प्लेगचं काम त्याआधी नगरपालिकांकडे होतं आणि ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. संकट आलं की लोकनियुक्त सदस्यांना बाजूला सारायचं, ही खोड तेव्हापासूनची. त्यानंतरचा 1962 पर्यंतचा काळ इथे ओलांडून जातो.

1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. त्यांच्या आरोग्य समितीला सभापती मिळाला, प्राथमिक केंद्रं आणि उपकेंद्रं तिच्या कक्षेत आली. जिल्हा रुग्णालय शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे राज्य सरकारकडेच राहिलं. त्यामुळे उपकेंद्रातल्या सिस्टरबद्दल सदस्य विचारू शके. तिने अडलेली बाळंतीण ज्या मोठ्या दवाखान्यात पाठवली, तिथे काय झालं ते विचारू शकत नसे. सभांचा वेळ बदल्यांत आणि ठेक्यांत जाई, हेही खरंच. तरीही एक गोष्ट होती. आरोग्य अधिकारी ज्या सभेला उत्तर देई, त्याच सभेपुढे त्याच्या खात्याचं अंदाजपत्रक येई.

इथेच 2005 चा गैरसमज सुरू होतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने लोकांना दवाखान्याच्या दारात आणलं, असं सगळे मानतात. ग्राम आरोग्य समित्या, रुग्णकल्याण समित्या आणि 2007 पासून लोकाधारित देखरेख, सगळं त्या अभियानातूनच आलं. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत 'साथी' आणि इतर संस्थांनी ती देखरेख जिवंत केली. गावाने आपल्या केंद्राला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग द्यायचा आणि जनसुनवाईत डॉक्टरांनी त्याबद्दल सर्वांसमोर बोलायचं. ज्या बायकांना केस पेपर काढतानाही दटावलं जाई, त्यांनी हातात माइक घेऊन 'बाहेरून औषध का आणायला लावलं' असं विचारलं. याचं मोल मी कमी लेखत नाही.

पण त्याच अभियानाने पैशाची वाट बदलली. निधी जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातून न जाता राज्याच्या आरोग्य सोसायटीकडून जिल्ह्याच्या आरोग्य सोसायटीकडे जाऊ लागला. जिल्हा परिषद अध्यक्षांना जिल्ह्याच्या सोसायटीच्या वरच्या मंडळात मानाची खुर्ची होती. सर्वसाधारण सभेच्या पटलावरून मात्र हा पैसा सरकला. लोकांना प्रश्न मिळाला आणि सभेच्या हातून पैशाची दोरी सुटली. आपण पहिली गोष्ट साजरी केली, दुसरीकडे पाहिलंच नाही. जनसुनवाईत अधिकारी 'कळवतो' म्हणतो आणि मंडप उतरतो. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न इतिवृत्तावर आणून 'काय कळवलंत?' असं विचारण्याचा कायदेशीर हक्क सभेतल्या सदस्याला असतो, मंडपातल्या बाईला नसतो. तिचा प्रश्न सदस्याच्या हाती पोहोचवणं एवढाच पूल बांधायचा होता.

शहरांत तर पुढे सभाच राहिल्या नाहीत. मार्च 2022 मध्ये मुंबई, ठाण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव आयुक्ताचा, मंजुरी प्रशासकाची, आणि माणूस एकच. ऑगस्ट 2023 मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. राज्य सरकारने आरोग्य आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिला जाब द्यायचा होता तो सरकारला. ज्या शहराच्या करातून ते रुग्णालय चालतं, त्या शहराला लक्षवेधी मांडायला त्या दिवशी एकही नगरसेवक नव्हता.