बुद्धीचे माप आणि मापणारी बुद्धी

तराजूने धान्य जोखता येते; परंतु तराजूच सदोष आहे की निर्दोष, हे त्याच तराजूने ठरवता येत नाही, त्यासाठी बाहेरून आणलेले खात्रीचे वजन लागते. मनुष्य स्वतःच्या बुद्धीविषयी मत बनवू लागतो तेव्हा हीच अडचण उभी राहते, कारण ज्या बुद्धीची परीक्षा घ्यायची तीच परीक्षकाच्या आसनावर बसलेली असते आणि तिच्यातील दोष तिने दिलेल्या निर्णयातही उतरलेला असतो. दुसऱ्याच्या बुद्धीविषयी मत बनवताना अडचण वेगळ्या प्रकारची असते. तेथे बुद्धी प्रत्यक्ष दिसत नाही, दिसतात ती केवळ तिची बाह्य चिन्हे, आणि त्या चिन्हांचा अर्थ लावणारी बुद्धी पुन्हा आपलीच असते. या दोन अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यांतील एकीला वगळून दुसरी सुटत नाही, हे भारतीय दर्शनांतील प्रमाणविचाराच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

‘बुद्धी’ हा शब्द सर्व दर्शनांत एकाच अर्थाने येत नाही. न्यायदर्शनात बुद्धी, उपलब्धी आणि ज्ञान हे शब्द एकाच अर्थाचे मानले आहेत. म्हणजे बुद्धी ही माणसाजवळ असलेली एखादी साठवण नसून प्रत्येक वेळी घडणारी जाणण्याची घटना आहे. सांख्यदर्शनात बुद्धी हे प्रकृतीचे पहिले परिणत तत्त्व असून निश्चय करणे, म्हणजे ‘अध्यवसाय’, हे तिचे कार्य आहे; तिच्यापासून अहंकार उत्पन्न होतो आणि पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, या दोहोंहून निराळा राहतो. ‘माझी बुद्धी’ असे जे अभिमानाने म्हटले जाते, ते या मताप्रमाणे प्रकृतीच्या कार्यावर सांगितलेले चुकीचे स्वामित्व ठरते. व्यवहारातील मराठी भाषेनेही याबाबत बारकाईने भेद केले आहेत. हुशार, चलाख, चतुर आणि शहाणा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत, आणि आपल्या शहाणपणाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा मोठा धरणाऱ्याला ‘दीडशहाणा’ असा हिशेबी शब्द आहे. त्या शब्दातील वरचे अर्धे शहाणपण म्हणजे वस्तुतः मापातील चूक होय.

स्वतःच्या ज्ञानाविषयीचा निर्णय कसा होतो, या प्रश्नावर नैयायिक आणि मीमांसक यांच्यात शतकानुशतके वाद चालला. समोर घट दिसला की ‘हा घट आहे’ असे ज्ञान होते आणि त्यानंतर ‘मला घटाचे ज्ञान झाले’ असे दुसरे ज्ञान होते. या दुसऱ्या ज्ञानाला नैयायिक ‘अनुव्यवसाय’ म्हणतात. अनुव्यवसायाने ज्ञान झाल्याचे कळते, पण ते ज्ञान यथार्थ आहे हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचा खरेपणा, ज्ञानाबरोबरच गृहीत होतो आणि बाधक कारण पुढे आले तरच तो खरेपणा मागे घ्यावा लागतो; एका ज्ञानाला दुसऱ्याची आणि दुसऱ्याला तिसऱ्याची साक्ष मागत गेल्यास शेवटच लागणार नाही, म्हणजे अनवस्था होईल, ही त्यांची अडचण रास्त आहे. नैयायिक मात्र प्रामाण्य ‘परतः’, म्हणजे अन्य साधनाने, कळते असे मानतात आणि ते साधन म्हणून ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ पुढे करतात. दुरून पाणी दिसले, माणूस तेथवर गेला, ओंजळ भरली आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे होते; हाती तापलेली वाळू आली, तर ते मृगजळ होते. पाणी दिसल्याची खात्री दोन्ही वेळा सारखीच होती, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण बरोबर आहोत असे आतून वाटणे हा बरोबर असण्याचा पुरावा ठरत नाही, कारण चूक करणाऱ्यालाही आतून अगदी तसेच वाटत असते.

आधुनिक मानसशास्त्रातील एक बहुचर्चित संशोधन याच ठिकाणी येऊन पोहोचते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण यांच्या चाचण्या घेऊन सहभागी व्यक्तींना स्वतःच्या कामगिरीचा अंदाज विचारला होता. सर्वांत खालच्या चतुर्थांशात आलेल्या व्यक्ती प्रत्यक्षात शंभरांत सरासरीने १२ जणांच्या पुढे होत्या, परंतु स्वतःला त्या ६२ जणांच्या पुढे समजत होत्या. उलट वरच्या चतुर्थांशातील व्यक्तींनी स्वतःचे स्थान प्रत्यक्षापेक्षा खाली धरले. या आकड्यांचा काही भाग केवळ संख्याशास्त्रीय कारणांनी तसा दिसतो असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला आहे आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. तथापि त्याच अभ्यासात अल्पकाळ तर्काचे शिक्षण दिल्यावर त्या व्यक्तींना आपल्या आधीच्या चुका अधिक नेमकेपणाने ओळखता आल्या, हा भाग तात्त्विक दृष्टीने अधिक मोलाचा आहे. चूक ओळखण्यासाठी लागणारे ज्ञान आणि चूक टाळण्यासाठी लागणारे ज्ञान बहुधा एकच असते; म्हणून ज्याच्याजवळ ते नाही त्याला आपले उणेपण दिसत नाही, आणि ते येऊ लागताच पहिल्यांदा दिसू लागते ते उणेपणच.

दुसऱ्याच्या बुद्धीकडे वळले की प्रत्यक्ष संपते आणि अनुमान सुरू होते. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘सन्तानान्तरसिद्धि’ या ग्रंथात दुसऱ्याचे चित्त आहे हेदेखील त्याच्या वाणीवरून आणि हालचालींवरून अनुमानानेच सिद्ध होते, असा विचार मांडला; मग त्या चित्ताची तीक्ष्णता अथवा मंदता ही अनुमानाखेरीज कळणे शक्यच नाही. अनुमानाचे बळ हेतूवर, म्हणजे ज्या चिन्हावरून निष्कर्ष काढायचा त्या चिन्हावर, अवलंबून असते. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते. परंतु जेथे अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे, हे अनुमान चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघण्यासाठी अग्नीला ओल्या इंधनाची जोड लागते, आणि अशा लपून राहिलेल्या अटीला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. बुद्धीविषयीची बहुतेक लौकिक अनुमाने याच जातीची असतात. अस्खलित बोलणे, परीक्षेतील गुण, इंग्रजीवरील हुकमत, चटकन उत्तर देण्याची सवय या गोष्टी बुद्धीचा धूर मानल्या जातात आणि धूर नाही म्हणून अग्नीही नाही असा निकाल दिला जातो. घरची भाषा, अभ्यासाला मिळालेली जागा, शिकवणीचा खर्च, बोलण्याची मुभा आणि पोटभर अन्न या उपाध्या मात्र नजरेआड राहतात.

यांपैकी अन्नाच्या उपाधीचा विचार छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात असा काही आला आहे की त्याच्याजवळ थोडे थांबणे आवश्यक ठरते. बाराव्या वर्षी गुरुगृही गेलेला श्वेतकेतू चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून परततो, तो स्वतःला विद्वान मानणारा आणि ताठर झालेला असा. उद्दालक हा त्याचा पिता त्याने पाठ केलेल्या भागाची परीक्षा घेत बसत नाही. पुढे उपदेशाच्या ओघात तो पुत्राला पंधरा दिवस अन्न न घेता केवळ पाण्यावर राहायला सांगतो आणि त्यानंतर ऋचा, यजुर्मंत्र व सामे म्हणायला सांगतो. बारा वर्षांच्या अध्ययनातील काहीही आपल्याला सुचत नाही, हे श्वेतकेतूला कबूल करावे लागते. मोठा अग्नी विझून काजव्याएवढा निखारा उरावा तशी त्याची अवस्था आहे, असे पिता समजावतो. श्वेतकेतू जेवून येतो आणि त्याच निखाऱ्यावर गवत घातल्यावर ज्वाळा उठावी तसे सारे पाठ परत येते. मन अन्नमय आहे हा सिद्धांत पटवण्यासाठी हा प्रयोग योजलेला आहे. परंतु बुद्धीच्या अभिमानावरही त्याने निर्णायक प्रहार होतो. ज्या विद्वत्तेचा ताठा होता ती पंधरा दिवसांच्या उपासाने नाहीशी होत असेल, तर तिच्यातील किती वाटा स्वतःचा आणि किती शेतकऱ्याचा, रांधणाऱ्याचा, पाणी भरणाऱ्याचा, हा हिशेब टाळता येत नाही. आणि उपाशीपोटी वर्गात बसलेल्या मुलाच्या मौनावरून त्याच्या बुद्धीचे अनुमान काढणारा शिक्षक श्वेतकेतूच्या पंधराव्या दिवशी त्याची परीक्षा घेत असतो, हेही त्यातूनच निष्पन्न होते.

मराठीतील ‘अडाणी’ हा शब्द अशा सदोष अनुमानाचा भाषेत गोठलेला नमुना आहे; अक्षरओळख नसलेला आणि समज नसलेला हे दोन्ही अर्थ त्याने एकत्र बांधले आहेत, जणू पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध व्हावे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीने घरकाम आणि शेतकाम करता करता आपल्या बोलीत रचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नात्यातील माणसांनी टिपून ठेवल्या होत्या. त्यांचा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये, म्हणजे बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणे सोडणारा हात आणि जगण्यातील अतिसूक्ष्म भेद शब्दांत पकडणारी बुद्धी एकाच व्यक्तीची होती; हात सर्वांना दिसत होता, बुद्धी दिसण्यासाठी मात्र छापील पुस्तकाचा धूर निघावा लागला. ज्यांच्या ओव्या टिपणारे कोणी नव्हते अशा स्त्रियांविषयीचा निकाल कोणत्या हेतूवर दिला गेला, हा प्रश्न यातून उरतो आणि तो सोडून देता येत नाही.

बुद्धीचे माप काढण्याच्या शास्त्रीय प्रयत्नांचा इतिहासही असाच सावध करणारा आहे. आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेली चाचणी शाळेत ज्यांना विशेष साहाय्याची गरज आहे अशी मुले ओळखण्यासाठी होती, आणि बुद्धी ही न बदलणारी राशी आहे या समजुतीला स्वतः बिने यांचा विरोध होता. पुढे अन्यत्र त्या चाचण्यांतून निघालेला आकडा माणसाच्या कपाळावर कायमचा कोरला जाऊ लागला, तेव्हा मदतीसाठी काढलेले चिन्ह निवाड्याचा हेतू बनले.

या पार्श्वभूमीवर भगवद्गीतेच्या १३व्या अध्यायातील एक रचना अर्थपूर्ण ठरते. ज्ञान म्हणजे काय हे सांगताना तेथे विषयांची अथवा विद्यांची यादी येत नाही, गुणांची येते, आणि तिच्या आरंभी ‘अमानित्व’, म्हणजे मानाची अपेक्षा नसणे, हा गुण ठेवला आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या एकेका गुणाचे विस्ताराने वर्णन आहे. अमानी पुरुषाच्या अंगी खरोखर असलेले गुण कोणी वाखाणू लागले तरी तो व्याधाने कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो, आणि बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता लाभली तरी थोरवीच्या भयाने वेडेपणाआड दडतो, असे ज्ञानेश्वर सांगतात. नम्रता हे ज्ञानावर चढवलेले भूषण आहे असा सामान्य समज असतो. येथे मात्र ती ज्ञानाच्या व्याख्येतच समाविष्ट आहे. मानाची ओढ असेल तेथे बाधक ज्ञान, म्हणजे ‘तू चुकलास’ असे सांगणारे ज्ञान, अपमान म्हणून परतवले जाते, आणि मग मृगजळाला पाणी समजणाऱ्याची चूक दुरुस्त होण्याची वाटच बंद होते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची आणि दहाव्या समासात ‘पढतमूर्खा’ची लक्षणे दिली, त्यामागेही हाच भेद दिसतो. साध्या मूर्खाच्या लक्षणांत आपणच आपली स्तुती करणे आहे. पढतमूर्ख बहुश्रुत असूनही ज्ञातेपणाच्या भरात राग आवरू शकत नाही आणि त्याची कृती त्याच्या शब्दांपासून दुरावलेली असते. अशी लक्षणे वाचताना शेजाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो हा सर्वसाधारण अनुभव असला, तरी ती ऐकून ऐकणाऱ्याच्याच अंगी चातुर्य बाणावे हा समर्थांचा हेतू आहे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तुम्हाला बुद्धीच नाही असे सांगितले गेले, त्यांना अमानित्वाचा उपदेश करणे म्हणजे अन्यायाला धर्माची मुद्रा देणे नव्हे काय? हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे आणि त्यासाठी अमानित्व व आत्महीनता यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. मानाची अपेक्षा सोडणे हे मान मिळण्याची शक्यता असलेल्याचे कर्तव्य आहे. स्वतःला क्षुद्र समजणे हे दुसऱ्याने केलेले सदोष अनुमान स्वतःविषयी प्रमाण मानणे आहे, आणि म्हणून तेही अज्ञानच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आपल्याला धर्मपुस्तक नाही, आणि धर्मपुस्तक नाही तर आपण धर्मरहित ठरतो, अशी तर्काची पायरी तिने तेथे मांडली; प्रतिपक्षाचे गृहीत घेऊन त्याचा परिणाम त्याच्यापुढे ठेवण्याची ही रीत कोणत्याही तार्किकाला शोभेल अशी आहे. तिच्या समाजाला बुद्धी नाही असे ठरवणाऱ्या अनुमानातील उपाधी, शाळेचे बंद दार, त्या निबंधाने उघडी पाडली.

स्वतःविषयी उदार आणि दुसऱ्याविषयी कठोर असे माप वापरण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे: स्वतः चुकल्यास परिस्थितीचे कारण दिले जाते, दुसरा चुकल्यास त्याच्या बुद्धीचे. ही प्रवृत्ती अनीतीची आहेच, परंतु ज्ञानाच्या दृष्टीनेही ती आत्मघातकी आहे. स्वतःच्या बुद्धीची पारख परतः, बाहेरूनच होऊ शकते हे एकदा मान्य केले, की ते बाहेरचे वजन कोठून येते हे पाहावे लागते. काही प्रमाणात ते कृतीच्या फळातून येते. परंतु सर्वच गोष्टींत ओंजळीत पाणी येते की वाळू हे लगेच कळत नाही, आणि तेथे चूक दाखवणारा दुसरा माणूस हेच वजन असते. न्यायशास्त्राने तत्त्वनिर्णयासाठी चालणाऱ्या चर्चेला ‘वाद’ आणि विजयासाठी चालणाऱ्या चर्चेला ‘जल्प’ म्हटले ते याचसाठी, कारण वादात समोरच्याची बुद्धी आपल्या मताचा कस लावते, जल्पात ती केवळ पाडायची असते. जो मनुष्य आजूबाजूच्या माणसांना आधीच मंद ठरवून बसतो, तो त्यांच्यावर अन्याय करतो आणि त्याच वेळी आपला तराजू तपासू शकणारी सर्व वजने स्वतःच्या हाताने फेकून देतो. त्यानंतर त्याच्या पारड्यात जे पडेल ते त्याला पूर्ण भरल्यासारखेच दिसत राहणार, आणि ते तसे नाही हे सांगू शकणाऱ्या शेतकऱ्याचे, विद्यार्थ्याचे किंवा जात्यावर बसलेल्या बाईचे बोलणे त्याच्या कानापर्यंत पोहोचणार नाही.