मोतीबिंदू आणि वृद्धांचा नकार

बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या बाजूच्या पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येते: "आता माझे किती दिवस राहिले? डोळ्यांवर पैसा कशाला घालवता?" म्हातारी आई असे म्हणते आणि मुले गप्प बसतात. आईची इच्छा आपण मानली, असे त्यांस वाटते. तिची इच्छा खरोखर हीच होती काय, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम रोग पाहू. बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, यासच मोतीबिंदू म्हणतात. मधुमेह्यांस तो लवकर होतो. थेंबांनी, मधाने वा अंजनाने तो विरघळत नाही. गढूळ भिंग काढणे हाच उपाय. 'पिकू द्या, मग काढू' हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळचा आहे. आज तो पाळणे अहिताचे. फार पिकलेल्या मोतीबिंदूने कधी डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाते.

मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले, त्या काळी भिंग काढल्यावर रोग्यास जाड चष्म्यावर भागवावे लागे. डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविण्याचा प्रयोग हॅरल्ड रिडली यांनी लंडन येथे प्रथम केला तो नोव्हेंबर १९४९ मध्ये. त्याच वर्षाच्या ऑगस्टात कल्याण छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तिच्या बराकींत तेव्हा जन्मलेली मुले आज पंचाहत्तरी ओलांडून नेमकी या रोगाच्या वयास आली आहेत.

आता मूळ प्रश्न. माणसाच्या शरीरावर त्याचाच अधिकार आहे, व कोणा वृद्धास बळेच शस्त्रक्रियेस नेणे अन्यायाचे होय, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आई नको म्हणते तेव्हा बहुधा ती डोळ्यांविषयी बोलतच नसते. मुलाचा कारखान्यातील रोज बुडेल, सुनेस रजा मिळणार नाही, लोकलच्या गर्दीत आपणास कोण धरील, याविषयी ती बोलत असते. असा नकार म्हणजे तिने मुलांसाठी केलेला त्याग होय. भावाकडून उसने घेतलेल्या पैशांचा आपण हिशेब ठेवतो. हे ऋण मात्र कोणी मोजत नाही. यात मुलांचा दुष्टपणा नाही, सोय आहे.

म्हणून आधी कारणे दूर करावी, मग पुन्हा विचारावे. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते; उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात अथवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. डोळा बधिर करून काम थोड्या वेळात आटोपते, व रोगी बहुधा त्याच दिवशी घरी येतो. पुढे डोळा लाल होऊन ठणकू लागला वा दृष्टी मंदावली, तर विलंब न करता डॉक्टरांस दाखवावे. सोबत कोण जाणार, रोज कोण सोसणार, थेंब कोण घालणार, हे आईसमक्ष ठरवावे. इतके करूनही ती शांतपणे नको म्हणाली, तर तो नकार तिचा स्वतःचा. तो मानावा, आणि तिच्या हाती ताट देण्याचे व तिला न्हाणीघरापर्यंत धरून नेण्याचे काम बिनतक्रार करावे.