दारावर काय विचारावं?



माझं शिक्षण नववी, तीही पुरी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी कॉलेजात कुणाला घ्यावं आणि कुणाला घेऊ नये याच्यावर लिहिणार आहे. आपल्यातलेच शिकलेले साथी विचारतील, ह्याला काय अधिकार? बरोबर आहे. अधिकाराचंच बोलायचंय. मी दाराबाहेर बरेच दिवस काढलेत, तेवढाच माझा दाखला.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. दोन वर्षांमागं मनात आलं, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसू. बाहेरून बसणाऱ्याला तोच रस्ता. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. गिरणी इचलकरंजीच्या बाजूला आणि शाळा बीड जिल्ह्यात. एसटीनं गावी गेलो. पहिल्या दिवशी क्लार्क जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशी क्लार्क होता, सही करणारा साहेब नव्हता. तिसऱ्या दिवशी दाखला हातात पडला. प्रवास धरून पाच खाडे.

स्टँडवर बसून तो कागद वाचला. त्यात माझी जात होती, जन्मगाव होतं. वर्तणूक 'चांगली' होती, प्रगती 'साधारण' होती. शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं : 'पालकांच्या विनंतीवरून'. माझ्या बापानं कुणाला विनंती केली नव्हती. तो तेव्हा उसाच्या फडात होता, आणि मी त्याच्यासंगं मोळ्या बांधत होतो. परत आलो तेव्हा पटावरचं नाव निघालेलं. कागदानं माझ्या बापाच्या तोंडी एक वाक्य घातलं आणि त्याच्यावर गोल शिक्का मारला. आता मला कुठंही आत जायचं असेल तर तेच खोटं वाक्य पुढं करावं लागतं. 'तुला काय शिकायचंय?' असा रकाना त्या दाखल्यात नाही. फॉर्ममध्येही नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलंय, की दारावर उभं राहिलेल्या माणसाला काय विचारणं न्यायाचं आहे?

आता जरा लांब जाऊ. पँथर हा शब्द आपल्या तोंडात रोज असतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून, हे आपल्या पोरांना पाठ आहे. पण ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे दोघं एकमेकांना भेटले कुठं? कॅलिफोर्नियात, ओकलंड शहरातल्या मेरिट कॉलेजात. १९६६ च्या ऑक्टोबरात त्यांनी पार्टी काढली, ती या ओळखीतून. आणि मेरिट हे काही मोठं नामांकित विद्यापीठ नव्हे. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. त्याला तिकडं कम्युनिटी कॉलेज म्हणतात. न्यूटननं आत्मचरित्रात लिहिलंय की शाळा पास होऊन बाहेर पडलो तेव्हा धड वाचता येत नव्हतं. प्लेटोचं 'रिपब्लिक' पुन्हा पुन्हा वाचून तो वाचायला शिकला. हे वाचलं आणि मी रात्रपाळीत मशीनपाशी उभा राहून एकटाच हसलो. अशा पोराला कुठल्या मेरिट लिस्टनं आत घेतलं असतं? आणि कॉलेजचं नाव बघा, मेरिट! (ते एका डॉक्टरच्या आडनावावरून पडलंय, पण थट्टा चांगली झालीय.)

मग मी त्या कॉलेजांच्या प्रवेशाचे नियमच शोधून वाचले. इंग्रजी अडखळत, मोबाईलवर शब्द बघत. वाचण्यासारखे आहेत.

१९६० साली कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा केला. शाळा संपवणाऱ्या पोरांतले वरचे साडेबारा टक्के एका विद्यापीठाला, वरचा एक तृतीयांश दुसऱ्याला, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे, ज्याला शिकवण्याचा उपयोग होईल त्याला. वय अठरा झालं असेल आणि शाळेचा शेवटचा कागद हातात नसला, तरीही. मार्क किती, कितीदा नापास झालास, मधली वर्षं कुठं होतास, असलं काही नाही.

आपला माणूस हे वाचून भारावणार. मीही भारावलो. दोन दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं. तीन मजले केलेत, आणि दार सताड उघडं आहे ते खालच्या मजल्याचं! वरच्या मजल्यावर गर्दी होऊ नये म्हणून खालचं दार उघडं ठेवलं, असंही म्हणता येतं. उतरंड आपल्याला ओळखू येते, ती इंग्रजीत लिहिली म्हणून काय झालं. पण तेवढंच म्हणून सोडून देणंही खोटेपणाचं होईल. कारण त्या खालच्या दारातून न्यूटन आत गेला, आणि आत त्याला सील भेटला. दारं उघडणाऱ्यांनी पँथरचा विचार केला नव्हता. आत आलेली माणसं एकमेकांना भेटतात आणि त्यातून काय निघेल ते कुणाच्या हातात राहत नाही.

आता ते 'सगळ्यांना' जरा उसवून बघू. फी आज एका युनिटला ४६ डॉलर आहे. १९८४ पर्यंत तीही नव्हती. पण ही फी राज्यातल्या रहिवाशाची. रहिवासी कोण? जो सत्र सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिला आणि इथंच राहायचा त्याचा इरादा कागदांवरून दिसतो, तो. बाहेरच्या राज्यातला आला तर कितीतरी पट पैसे. परदेशी विद्यार्थी असेल तर पट तशीच, वर इंग्रजी येत असल्याचा पुरावा, बँकेत पैसे असल्याचा पुरावा, आणि पूर्ण वेळ शिकण्याची सक्ती. शाळेत शिकणारं पोर अर्धवेळ आलं तर फी माफ, पण प्राचार्याची शिफारस आणि आईबापाची संमती हवी. शाळा न संपवलेल्या प्रौढाला वर्गात बसता येतं, पण केंद्र सरकारची मदत हवी तर त्यानं आधी परीक्षा देऊन किंवा सहा क्रेडिट पुरी करून शिकण्याची लायकी दाखवायची. ती वाटही २०१२ साली बंद केली होती. २०१४ च्या शेवटी काही व्यवसाय-अभ्यासक्रमांपुरती पुन्हा उघडली.

म्हणजे 'तुला काय येतं?' हा प्रश्न त्यांनी दारावरून काढला, पण 'तू कुठला?' हा ठेवला. आणि गरिबाला 'तुझ्यावर पैसा का घालवायचा?' हा तिसरा प्रश्न बाजूच्या खिडकीवर ठेवला.

कुठला, हे विचारण्यात अन्याय आहे का? माझ्या मनात पटकन 'आहे' असं आलं. मग त्यांची बाजू लावून बघितली. कॉलेज चालतं राज्याच्या करावर. जे कर भरतात त्यांच्या पोरांना स्वस्त, बाकीच्यांनी खर्च भरावा. हिशोब सरळ दिसतो. पण कर कोण भरतं? कॅलिफोर्नियाच्या शेतात टोमॅटो तोडणारा, हॉटेलात भांडी घासणारा बिनकागदाचा मेक्सिकन साबण विकत घेतो तेव्हा कर भरतोच. त्याचं पोर तिथल्या शाळेत पहिलीपासून शिकलंय. कागद मागितला की मात्र ते परदेशी. हा घोळ सोडवायला २००१ साली त्या राज्यानं एक कायदा केला. ज्यानं इथल्या हायस्कूलात तीन वर्षं काढली आणि ते पुरं केलं, त्याला रहिवाशाचीच फी. जन्म कुठं झाला हे न विचारता.

मला यातली गोष्ट फीपेक्षा मोठी वाटते. माणूस कुठला, याचं उत्तर कागदावर किंवा जन्मावर न ठेवता, तो कुणाबरोबर बाकावर बसला यावर ठेवलं. आपल्या हजार वर्षांच्या इतिहासात हेच तर कुणी मान्य केलं नाही. गावात राहायचं, गावाची सगळी घाण उपसायची, आणि गावचे मात्र नाही.

पण असले कायदे किती टिकतात तेही बघा. टेक्सास राज्यानंही २००१ सालीच असा कायदा केला होता. चोवीस वर्षं तो चालला. ४ जून २०२५ ला केंद्र सरकारनं त्याच्याविरुद्ध कोर्टात दावा लावला, राज्य सरकारनं त्याच दिवशी मान डोलावली, आणि त्याच दिवशी कायदा गेला. म्हणजे सकाळी जे पोर रहिवासी होतं ते संध्याकाळी परकं झालं.

आणखी एक गोष्ट आहे, दाराच्या आतली. बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६० साली असल्या कॉलेजांवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की उघड्या दाराचं कॉलेज पोराला 'तू नालायक' असं तोंडावर कधी म्हणत नाही. त्याला आत घेतं, चाचणी घेतं, खालच्या वर्गात बसवतं, समुपदेशकाकडं पाठवतं, हळूहळू त्याची भूक थंड करतं. शेवटी पोर आपणच म्हणतं, हे काही आपल्या बसचं नाही. हे मला झोंबलं. माझ्या दाखल्यावरचं 'पालकांच्या विनंतीवरून' याच जातीचं वाक्य आहे. बाहेर ढकलायचं आणि तो आपल्या पायानं गेला असं लिहून ठेवायचं.

तिकडं वर्षानुवर्षं गरीब आणि काळी-तपकिरी पोरं चाचणीवरून तयारीच्या वर्गात टाकली जात. ते वर्ग पदवीत मोजले जात नव्हते. फी भरायची, वर्ष घालवायचं, आणि पुढं काही नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियानं कायदा करून हे थोपवलं. पोर पहिल्या वर्षाच्या वर्गात जमणारच नाही असं दाखवता आल्याशिवाय त्याला खाली बसवायचं नाही. म्हणजे सिद्ध करायचं ओझं कॉलेजवर. मला वाटतं दाराचा खरा न्याय इथं आहे. नुसतं आत घेतलं म्हणून उपकार होत नाहीत. आत घेतलं की शिकवायची जबाबदारी अंगावर येते, आणि ज्याला ती नको असते तो दारावरच पात्रता विचारतो.

हे आपल्याकडं कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी सगळे सांगतात. त्यात आणखी एक मागणी होती. घरी बसून शिकलेल्याला विद्यापीठानं पदवीच्या परीक्षेलाही बसू द्यावं. कॉलेजात पाय न ठेवलेल्या माणसासाठी त्यांनी दार मागितलं होतं. आणि बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, नोकरी करणाऱ्यांना येता यावं म्हणून. वेळापत्रकसुद्धा दार असतं. गिरणीच्या भोंग्याला आणि कॉलेजच्या घंटेला एकच वेळ असेल, तर प्रवेशाचे नियम कितीही सैल करा, कामगार बाहेरच.

आता माझ्या अंगावरची गोष्ट सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

आमच्या वस्तीत विहाराला लागून आपली अभ्यासिका आहे. वीस खुर्च्या, दोन कपाटं पुस्तकं, रात्री बारापर्यंत लाईट. स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. गेल्या वर्षी गर्दी झाली म्हणून कमिटीनं फॉर्म काढला. नाव, शिक्षण, पत्ता, आणि चौथा रकाना, 'वस्तीतील किती वर्षांपासून रहिवासी?' पाच वर्षांखाली असेल त्याला खुर्ची नाही. मी हात वर केला. मला इथं येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आमच्याच खात्यात एक ओडिशाचा पोरगा डॉफर आहे. आपल्यासारख्याच जातीतला, पण आपली जात नव्हे आणि आपली भाषा नव्हे. आठ जणांच्या खोलीत राहतो. एका रात्री पाळी सुटल्यावर मोडक्या मराठीत म्हणाला, "दादा, तुमच्याकडं बसून वाचू का? खोलीत लाईट बंद करतात." मी विचारलं, "किती वर्षं झाली इथं?"

"दीड."

मी त्याला नियम सांगितला. व्यवस्थित, सभ्य शब्दांत सांगितला. तो "बरं दादा" म्हणाला आणि गेला. काय वाचायचंय ते मी विचारलंच नाही. आजही मला ते माहीत नाही.

कमिटीतल्या साथींचं म्हणणं मला कळतं. खुर्च्या वीसच आहेत. वर्गणी वस्तीची आहे. आपल्या पोरांनी मागं राहायचं आणि कुणीही येऊन बसायचं का? हा कॅलिफोर्नियाचाच हिशोब आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. खुर्ची कमी असली की कुणीतरी बाहेर राहणारच. पण बाहेर कोण राहील हे ठरवताना आपण नेमका तोच प्रश्न उचलला, जो आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. पाळ्या लावता आल्या असत्या. पहाटेच्या त्या खुर्च्या रिकाम्याच असतात. ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण रकाना काढणं सोपं होतं.

येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. चौथा रकाना काढा आणि त्या जागी 'काय वाचायचं आहे?' असं लिहा, असा अर्ज मी दिलाय. दोघांनी सही केली. अध्यक्ष म्हणाले, "तू आधी दहावी हो, मग नियम शिकव." त्या पोराला मी बैठकीला बोलावलंय. तो म्हणतो, रविवारी त्याची डबल ड्युटी आहे.